सात नंबरचे बटण

ज्या खोलीत मी तीन वर्षे नोकरी केली, तिला एकही खिडकी नव्हती. तिच्या समोरच्या भिंतीवर मात्र चौसष्ट खिडक्या होत्या. एकीत विधानभवनाच्या पायऱ्या, एकीत संत्र्यांचा बाजार, एकीत आमच्याच स्टुडिओतली रिकामी खुर्ची. नागपूरच्या एका मराठी वृत्तवाहिनीचा हा मुख्य नियंत्रण कक्ष. बाहेर सत्तेचाळीस अंशांचा मे महिना रस्त्यांचे डांबर मऊ करीत असे आणि आत, यंत्रांच्या प्रकृतीसाठी, बारमाही हिवाळा असे. आम्ही स्वेटर घालून शहराचा उन्हाळा पाहत बसत असू. चार माणसांत ज्याचा आवाज फुटत नाही, अशा माझ्यासारख्याला ही व्यवस्था फार मानवली होती. जग मला दिसत होते. मी जगाला दिसत नव्हतो.

माझे काम सांगायला सोपे होते. शहरभरातल्या कॅमेऱ्यांची चित्रे आमच्या राउटरमध्ये येत. इंटरनेटसाठी घरात असते ती डबी नव्हे. हे कपाटाएवढे यंत्र म्हणजे चित्रांचे जंक्शन. कोणते चित्र कोणत्या वाटेने जायचे, ते माझ्यासमोरच्या पॅनेलवरच्या बटणांनी ठरे. वरच्या ओळींत ‘कुठून’, खालच्या ओळीत ‘कुठे’. खालचे लाल बटण दाबून वरचे तीन दाबले, की तीन नंबरचा कॅमेरा ऑन एअर, म्हणजे थेट लाखो घरांत. खालचे बारा दाबून वरचे तीन दाबले, की तेच चित्र कोपऱ्यातल्या एका लहानशा मॉनिटरवर, फक्त माझ्यापुरते. हा बारा नंबरचा मॉनिटर भोयरकाकांनी भंगारातून उचलून स्वतःच्या हाताने जोडला होता. त्याच्या तारा कुठून कुठे जात, ते त्यांनाच ठाऊक.

“आधी घर पाह्यचं, मंग पाहुणा धाडायचा,” भोयरकाका म्हणत. “पाहुणा आधी धाडला त तो कोनाच्याही घरी जाऊन बसते.”

एकतीस वर्षे ते त्याच खुर्चीत बसले होते. नव्या माणसाला शिकवण्याची त्यांची एक पद्धत होती, आणि ती त्या खोलीचा रिवाज झाली होती. उन्हात निघताना नागपूरकर तोंडाला बांधतात तो दुपट्टा ते नवख्याच्या डोळ्यांवर बांधत. मग मागे उभे राहून ओरडत, “चौदा! बावीस! तीन!” चुकीचे बटण दाबले की डोक्यात टपली. मी पहिला महिना त्या दुपट्ट्याच्या नीलगिरी-वासाच्या अंधारात काढला.

“बोटाले डोळे फुटले पायजेत, हेमांग. डोळ्याचं काम समोर पाह्यचं. खाली पाहून बटन शोधनारा अन् पायाकडे पाहून नाचनारा, दोघायचंही वरातीत हसू होते.”

बोटांना डोळे फुटले. माझे खरे डोळे त्यामुळे मोकळे झाले. आणि मोकळे डोळे कुठेतरी जाऊन बसतातच. माझे सात नंबरवर जाऊन बसले.

सात नंबर म्हणजे आमची सर्वांत जुनी प्रक्षेपण-गाडी. तिच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहून बोलत ते बबनराव झोडे, आमचे कृषिवार्ताहर. वय बावन्न, मिशा भरघोस, आवाज मळणीयंत्राचा. आणि कॅमेऱ्यामागे असे शलाका मेश्राम. तिला मी कधीही पाहिले नव्हते. गाडी पहाटे आगारातून परस्पर निघे आणि परस्पर तिथेच परते. कॅमेरा ज्याच्या हाती असतो, तो माणूस सोडून उरलेले सारे जग दाखवतो. मला तिचे उरलेले सारे जग माहीत होते.

थेट प्रक्षेपण संपले की बाकीचे कॅमेरामन कॅमेरा बंद करत. शलाका करत नसे. झोडे पाणी पीत, घाम पुसत, आणि तिचा कॅमेरा हळूच दुसरीकडे वळे. सिग्नलला हेल्मेट काढून कपाळाला वारा घालणारा पोस्टमन. रसवंतीच्या चरकात तेच चिपाड तिसऱ्यांदा सारणारा हात. दोरीवर ओळीने वाळत घातलेल्या बँडवाल्यांच्या टोप्या, आणि वारा आला की एकदम मान डोलावणारे त्यांचे तुरे. ही चित्रे कुठेही प्रसारित होत नसत. मी ती बारा नंबरवर घेत असे. साऱ्या विदर्भात त्यांचा प्रेक्षक एकच होता.

आमचे संभाषणही होते. दर सकाळी इंटरकॉमवर तिचा आवाज येई :

“कंट्रोल, सात नंबर. दिसतंय का?”

“दिसतंय,” मी म्हणत असे.

“ओके.”

तीन वर्षांत याच्यापुढे आम्ही गेलो नव्हतो. मी रात्री घरी वाक्ये तयार करीत असे. ‘कालच्या टोप्या सुंदर होत्या,’ हे त्यांतले सर्वांत धीट. सकाळी इंटरकॉम कानाला लागला, की ते वाक्य त्या अठरा अंशांत गोठून जाई.

नवे पॅनेल आले ते मार्चमध्ये. बरोबर पुण्याहून कंपनीचे गद्रे आले. इस्त्री न मोडणारा शर्ट, आणि प्रत्येक वाक्याआधी किंचित हसू. आमच्या मुख्य अभियंता धाबेकर मॅडम यांनी आम्हां सर्वांना गोळा केले.

“बोटाला बटणापर्यंत पोचायला लागणारा वेळ,” गद्रे म्हणाले, “दोन गोष्टींवर ठरतो. बटण किती दूर आहे आणि किती मोठं आहे. हा नियम पाऊणशे वर्षं जुना आहे. तरीही साऱ्या जगातली पॅनेलं अजून साठ सारखी बटणं ओळीत मांडतात. म्हणून चूक होते, आणि ती नेहमी शेजारच्या घरात होते, चौदाऐवजी पंधरा. आमच्या पॅनेलवर बटणं कायमची नाहीतच.”

त्यांनी पॅनेल सुरू केले. काळ्या मऊ पृष्ठभागावर बटणांचे उंचवटे उमटले, सरकले, लहानमोठे झाले. तव्यावर धिरड्याला जाळी पडावी तसे.

त्यामागचे विज्ञान खरोखर सुंदर होते. मन ठरवते आणि बोट हलते, यांच्या मध्ये सुमारे पाव सेकंदाचा अवकाश असतो. त्या अवकाशात मनगटाच्या स्नायूंतून एक क्षीण विद्युत्प्रवाह वाहतो, आणि डोळे बोटाच्या आधीच लक्ष्याकडे धावतात. मनगटावरचा पट्टा तो प्रवाह मोजी, पॅनेलच्या कडेची दोन भिंगे नजर मोजत, आणि जे बटण हवे असेल ते पॅनेल मोठे करून हाताजवळ आणी. ज्याचा पट्टा, त्याची मांडणी. आठवड्याभरात पॅनेल माणसाला ओळखू लागे. पुढे तर ‘कुठे’ हेही न विचारता ओळखी. तीन दाबले की ते आपोआप ऑन एअर जाई, सात दाबले की आपोआप बारा नंबरवर.

“आता तुम्ही बटणाकडे जायचं नाही,” गद्रे म्हणाले. “बटण तुमच्याकडे येईल.”

“अन् मी संडासात असलो त?” भोयरकाकांनी विचारले.

गद्र्यांचे हसू जरा उशिरा आले. “सुरक्षेची सोय आहे. ऑपरेटरचे डोळे दिसेनासे झाले, समजा चक्कर आली, तर पॅनेल आपोआप मूळ मांडणीवर येतं. मूळ मांडणी तुम्ही सांगाल ती.”

“जुनीच ठेवा,” भोयरकाका म्हणाले. “चक्कर आल्यावर तरी नवीन शिकाले नको.”

यंत्रात दोष नव्हता. एक गोष्ट मात्र त्याला कळत नसे, आणि ती कळावी असे कुणी त्याला सांगितलेही नव्हते : गरज कोणती आणि ओढ कोणती. दोन्हींकडे माणूस एकाच नजरेने पाहतो.

दोन आठवड्यांत आमच्यापैकी प्रत्येकाची मांडणी म्हणजे त्याची पत्रिका झाली. रात्रपाळीच्या सतीशच्या पॅनेलवर मधोमध, बशीएवढे, कँटीनमधल्या सुरक्षा-कॅमेऱ्याचे बटण उमटले. तर्री पोह्यांची परात आली की नाही, हे तो दर तीन मिनिटांनी पाहत असे. धाबेकर मॅडमनी सहज पट्टा बांधून पाहिला, तेव्हा आमच्या प्रतिस्पर्धी वाहिनीचे चित्र दाखवणारे बटण इतके फुगले, की त्यांनी पट्टा काढून पर्समध्येच टाकला. भोयरकाकांची मांडणी पाहून तर गद्र्यांनी पुण्याला फोन लावला. काका खाली पाहतच नव्हते. त्यांची बोटे जुन्याच जागी पडत. आणि पॅनेलने निमूटपणे जुने पॅनेल जसेच्या तसे उभे केले होते. जुन्यावर एकोणीस नंबरचे बटण सात वर्षांपूर्वी तुटले होते. नव्यानेही तिथे एक खळगा ठेवला होता.

“एक कोटीचं यंत्र,” सतीश म्हणाला, “अन् काकायनं त्याले दोन हप्त्यात म्हातारं केलं.”

माझ्या पॅनेलवर सात नंबर वाढत होते.

प्रथम ते दुसऱ्या ओळीतून पहिल्या ओळीत आले. मग शेजारच्या सहा आणि आठ यांना त्याने बाजूला सारले. मी घाबरलो. त्याच्याकडे पाहायचेच नाही, असे ठरवून मी दिवसभर चौदा नंबरच्या कालव्याकडे टक लावून बसलो. पण टाळण्यालाही एक दिशा असते. नजर जिथून पुन्हा पुन्हा मागे वळवली जाते, तिथेच तिचे मन असते, हे मला कवितेतून नव्हे, त्या दोन भिंगांकडून कळले. संध्याकाळपर्यंत सात नंबरचे बटण पुरणपोळीएवढे झाले.

गद्र्यांनी सर्वांच्या मांडण्यांचे रंगीत आलेख छापून चहाच्या यंत्राशेजारी लावले. ज्या बटणाची ओढ अधिक, ते अधिक लाल. माझ्या कागदावर एकच लाल सूर्य होता आणि त्यावर सात लिहिले होते.

कार्यालयाने तो कागद वाचला आणि सरळ अर्थ काढला. सात नंबरच्या चित्रात कोण दिसते? बबनराव झोडे.

दुसऱ्या दिवशी झोडे स्वतः आले; रजा टाकून, संत्र्यांची पेटी घेऊन.

“हेमांगराव,” ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “एकवीस वर्ष झाले, मी बोलून राह्यलो. घरी मी लागलो की बायको चॅनल बदलते. अन् तुम्ही... मी तो कागद पाह्यला. डोळ्यात पानी आलं, बाप्पा.”

मला खरे सांगता आले नाही. खरे सांगायचे म्हणजे तिचे नाव घ्यायचे. मी म्हणालो, “तुमचे... कीडनियंत्रण मला आवडते.”

त्यानंतर झोडे रोज दुपारी फोन करून मला संत्र्याच्या कोळशी रोगाविषयी पाऊण तास सांगत. मी ऐकत असे. मागे कधी गाडीचे दार आपटल्याचा आवाज येई, आणि मी श्वास रोखून त्या आवाजाचा अर्थ लावीत असे.

अशाच एका दुपारी ते म्हणाले, “आता थोडेच दिवस. महिनाअखेर आमची गाडी भंगारात चालली. ड्रोन येऊन राह्यले. मले डेस्कवर बसवते, अन् त्या कॅमेऱ्यावाल्या पोरीले अमरावतीच्या हाफिसात.”

 पॅनेलवर सात नंबर त्या क्षणी पूर्वी कधी नव्हते एवढे झाले. आता मोजके दिवस उरले होते. तेवढ्या दिवसांत मी एक वाक्य बोललो नाही, तर तिचे जग आणि तिचा आवाज दोन्ही माझ्या भिंतीवरून पुसले जाणार होते. आणि तिथे कुणीतरी रोज पाहत होते, हे तिला कधी कळणारही नव्हते.

उड्डाणपुलाचे उद्घाटन महिन्याच्या शेवटच्या शनिवारी होते. पुलाच्या पूर्व टोकाला मंत्रिमहोदय फीत कापणार होते. तिथे तीन नंबरचा कॅमेरा होता. पश्चिम टोकाला, जिथे दुसरी फीत आणि दुसरी कमान नुसतीच शोभेला बांधली होती, तिथे झोड्यांची गाडी उभी होती. वाहिनीच्या मालकांनी बजावले होते, की फीत कापतानाचा क्षण चुकता कामा नये. म्हणून सकाळच्या बैठकीत गद्र्यांनी जाहीर केले, “आज ‘कुठे’ ओळखण्याची सोय मी बंद ठेवली आहे. यंत्राने काही गृहीत धरू नये. आज प्रत्येकाने ‘कुठे’ स्वतः निवडायचं.”

मी बैठकीत होतो. ऐकतही होतो. पण मी ऐकत होतो ते मनातल्या मनात : ‘शलाका, कालच्या टोप्या.’ टोप्या आता वर्षापूर्वीच्या झाल्या होत्या.

अकरा वाजता खोली भरली. माझ्यामागे धाबेकर मॅडम, त्यांच्यामागे गद्रे. शेजारच्या खुर्चीत, गरज पडली तर असावेत म्हणून, भोयरकाका. मी लाल बटण दाबले, तीन दाबले. मंत्रिमहोदय लाखो घरांत पोचले. निवेदन करीत होती सुवाणी, आमची यंत्रनिर्मित वृत्तनिवेदिका. तिला संहिता आदल्या रात्री दिलेली असे आणि ती एक अक्षर इकडेतिकडे होऊ देत नसे.

मंत्रिमहोदयांचे औक्षण लांबले. आता दोन मिनिटे तरी काही घडणार नव्हते. सात नंबरमध्ये काय असेल, एकदाच पाहावे, बारा नंबरवर, शेवटच्या आठवड्यातले... माझे बोट हलण्याआधीच ते बटण हाताखाली आले होते. मी दाबले.

दोन महिने यंत्र माझ्यासाठी घर निवडत होते. घर निवडायचे असते, हेच माझे बोट विसरले होते. खाली लाल बटण तसेच पेटलेले होते. पाहुणा लाखो घरांत गेला.

मोठ्या पडद्यावर पश्चिमेची कमान आली. कमानीखाली एक शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून झेंडूच्या माळा खात होती.

“माननीय मंत्रिमहोदय,” सुवाणी प्रसन्न स्वरात म्हणाली, “नागरिकांच्या प्रेमाचा स्वीकार करीत आहेत.”

शेळीने माळ ओढली. कमान वाकली.

“विकासाची त्यांची भूक,” सुवाणी म्हणाली, “सर्वश्रुत आहे.”

“तीन!” धाबेकर मॅडम ओरडल्या. “हेमांग, तीन नंबर!”

मी तीन शोधू लागलो. पण मोठ्या पडद्यावर शलाकाचे चित्र होते, पहिल्यांदाच एवढे मोठे, आणि माझी नजर काही केल्या तिथून निघेना. भिंगांनी ते ओळखले. सात नंबर अजून फुगले. तीन नंबर आकसत, सरकत वरच्या कोपऱ्यात गेले आणि साबुदाण्याएवढे झाले. त्यावर बोट ठेवायला जावे, तो ते विनयाने बाजूला होई.

“यंत्र बंद करा!” मॅडम म्हणाल्या.

“बंद केलं तर पडदा काळा होईल,” गद्रे म्हणाले. “मॅडम, पॅनेल व्यवस्थित चाललंय. त्यांना सातच हवंय.”

पडद्यावर दोन पोलीस शेळीमागे धावत होते. शेळीने शोभेची फीत चावून तोडली आणि ती पुलावर चढली. कॅमेरा तिच्यामागून अगदी संथपणे वळला. तेवढ्या गोंधळातही तो एक क्षण कमानीच्या सावलीत थांबला. तिथे पुलावर काम केलेल्या चार मजूर बाया डबे उघडून बसल्या होत्या आणि शेळीला पाहून पोट धरून हसत होत्या.

आणि मग इंटरकॉमवर, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असा, तो आवाज आला.

“कंट्रोल, सात नंबर. माझा लाल दिवा लागलाय. मी ऑन एअर आहे का?”

मॅडम गद्र्यांकडे पाहू लागल्या, गद्रे पॅनेलकडे.

“कंट्रोल? चुकून लागलं का?”

“डोळे मीट बे!” भोयरकाका माझ्या कानाशी म्हणाले. त्यांनी गळ्यातला दुपट्टा सोडून माझ्या डोळ्यांवर टाकला. “मीट. चक्कर आली समज. अन् तीन कुठं राह्यते ते आठव.”

अंधार झाला. नीलगिरीचा वास आला. हाताखाली पॅनेल खळाळून हलले आणि स्थिर झाले : जुन्या ओळी, जुने अंतर, एकोणिसाच्या जागी खळगा. माझे बोट आपणहून तिनावर जाऊन टेकले.

आता फक्त दाबायचे होते, आणि “हो, चुकून,” एवढे म्हणायचे होते. नोकरी वाचली असती. ती ‘ओके’ म्हणाली असती, आणि अमरावतीला निघून गेली असती.

दुपट्ट्याआड मला कुणी दिसत नव्हते. कदाचित म्हणूनच ते जमले.

“नाही,” मी म्हणालो. “चुकून नाही. मी रोज बघतो. तुम्ही कॅमेरा चालू ठेवता ते सगळं. बँडवाल्यांच्या टोप्या बघितल्या. पोस्टमन बघितला. सगळं दिसतं.”

 मी तीन दाबले.

मी दुपट्टा बाजूला केला, तेव्हा लाखो घरांतून मंत्रिमहोदय फीत कापत होते. क्षण चुकला नव्हता. फक्त, कात्री चालली त्याच वेळी त्यांच्या मागून, पुलाच्या पश्चिमेकडून, गळ्यात झेंडूची माळ अडकलेली एक शेळी पूल पूर्ण ओलांडून येत होती.

“आणि हा पूल,” सुवाणी म्हणाली, “आता जनतेसाठी खुला झाला आहे.”

चौकशी सोमवारी झाली. धाबेकर मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी कोरा कागद पुढे केला. “लिही, नजरचुकीने झालं. मी मिटवते.”

“हे खोटं ठरेल, मॅडम,” गद्रे म्हणाले. या वेळी त्यांनी हसू आणले नाही. “नोंद आहे. ‘निवड आणि इच्छा यांची जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के. चूक आढळली नाही.’ हे जर चूक म्हणून लिहिलं, तर आमचं यंत्र चुकलं असा अर्थ होतो.”

“उरलेले दोन टक्के काय?” मी विचारले.

“भीती,” गद्रे म्हणाले. “आम्ही ती वजा करतो.”

मी कागदावर लिहिले, की घर न पाहता पाहुणा धाडला, ही चूक माझी. पाहुणा कोण, यात चूक नव्हती. मॅडमनी तो दोनदा वाचला, सुस्कारा सोडला आणि मला आठ दिवस बिनपगारी घरी बसवले. पॅनेलचे भवितव्य माझ्याइतके सौम्य नव्हते. मालकांनी पट्टा बांधून स्वतः पाहायचे ठरवले. त्यांच्या हाताखाली कोणते बटण मोठे झाले, ते मला कुणीही सांगितले नाही; मात्र त्याच संध्याकाळी पॅनेल खोक्यात भरून पुण्याला गेले.

मी नवव्या दिवशी परतलो, तेव्हा जुने पॅनेल जागेवर होते. भिंतीवरची सात नंबरची खिडकी काळी होती. गाडी भंगारात गेली होती. मी खुर्चीत बसलो आणि तिच्या जागेकडे न पाहण्याचा सराव करू लागलो. आता मला कुणी मोजत नव्हते.

दुपारी दार उघडले. बाहेरच्या उन्हाची एक झळ आत आली आणि तिच्याबरोबर एक मुलगी. खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, गळ्यात दुपट्टा, नाकाच्या शेंड्यावर उन्हाने सोललेली कातडी.

“सामान जमा करायचं होतं,” ती म्हणाली. “इथंच ना?”

मी तो आवाज ओळखला. मी मान हलवली. एवढेच जमले.

तिने पॅनेलकडे वाकून पाहिले. “माझं कोणतं?”

मी बोट दाखवले. दुसऱ्या ओळीतले, सुपारीएवढे बटण. आजूबाजूच्या सर्व बटणांवर आकडे स्पष्ट होते. त्याच्यावर काहीच नव्हते.

“याच्यावर तर काही लिहिलेलंच नाही.”

“लिहेल होतं,” भोयरकाका शेजारून, समोरची नजर न हलवता म्हणाले. “यानं पुसलं. तीन वर्षांत. मले काय कोटीचं यंत्र लागते समजाले?”

माझे कान तापले. ती मात्र हसली नाही. “मला माहीत होतं,” ती म्हणाली. “कुणीतरी बघतंय एवढं माहीत होतं. कोण, ते नव्हतं माहीत. लाईव्ह संपलं, की सुरुवातीला मी कॅमेरा बंदच करायचे. एक दिवस विसरले, तर त्याच्यावरचा छोटा हिरवा दिवा लागला. मी कॅमेरा झाडाकडे वळवला, दिवा लागलेलाच. बंद करून पुन्हा सुरू केला, पुन्हा लागला. झोडेसरांना विचारलं, ते म्हणाले, वायरिंग खराब आहे.”

आम्ही दोघांनीही भोयरकाकांकडे पाहिले.

“बारा नंबरवर टाकलं की कॅमेऱ्यावरचा हिरवा दिवा लागते,” ते म्हणाले. “मीच जोडला. चित्र कुठं पोचलं की नाही, हे कॅमेऱ्यावाल्याले समजलं पायजे. एकटा मानूस उन्हात उभा राह्यते.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “हेमांगले सांगाचं राहून गेलं.”

“तीन वर्षं?” मी म्हणालो. मला वाटते, मी त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडलो.

“तू काही विचारलं नाही ना बे.”

तिने बॅग टेबलावर ठेवली, वहीत सही केली आणि दाराशी जाऊन थांबली. “उद्या सकाळच्या गाडीनं अमरावतीला जातेय. आत्ता कोपऱ्यावर तर्री पोहे खायला चाललेय.” तिने घसा साफ केला. माझ्या लक्षात आले, की तिलाही हे वाक्य रात्री तयार करावे लागले असावे. “येतोस का?”

खोलीत मला हवे ते हाताखाली आणून देणारे कोणतेही यंत्र आता नव्हते. डोळ्यांवर दुपट्टाही नव्हता. ती समोर उभी होती, आणि माझ्या तोंडून, तीन वर्षांच्या सवयीने, जे एकच उत्तर मला तिला देता येत होते तेच बाहेर पडले.

“दिसतंय,” मी म्हणालो.

भोयरकाकांनी कपाळावर हात मारला.

“ओके,” ती म्हणाली, आणि मी उठेपर्यंत दार धरून उभी राहिली.